पोटठेकेदाराशी गोडीगुलाबीने कसे वागावे

मुंबईत ऑफिसची इमारत बांधायचं काम मिळालंय ना? अभिनंदन. आता तुम्हाला स्वतः काहीच बांधायचं नाही. सेंट्रिंगवाला (स्लॅबचा साचा आणि टेकू लावणारा), स्टील फिटर, प्लंबर, डक्टवाला, फायरवाला, फॉल्स सीलिंगवाला, काचवाला असे सगळे पोटठेकेदार ते बांधतील. तुम्ही फक्त त्यांच्याशी संबंध चांगले ठेवायचे. त्यासाठीच हा प्रपंच.

सुरुवात रेटपासून. तीन कोटेशनं मागवा, सर्वांत कमीवाल्याला बोलवा आणि सांगा, 'दुसरा याच्याहून दहा टक्के खाली येतोय.' दुसरा कोण, हे सांगायची गरज नाही, तो नसतोच. माणूस खुर्चीच्या कडेवर टेकून मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर बोटं मारतो, पुसतो, परत मारतो आणि 'बरं साहेब, पण पुढचं काम मलाच द्या' म्हणून मान हलवतो. ज्या भावात काम होऊच शकत नाही त्या भावाला त्याने हो म्हटलं, की तुमची कमाई झाली. तो सेंट्रिंगवाला असेल, तर तिची वसुली साच्याच्या प्लेटांतून करेल. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, आयएस 456, म्हणतं, साडेचार मीटरहून मोठ्या स्पॅनच्या स्लॅबखालचे टेकू 14 दिवस काढू नका. त्याच्याकडे टेकूंचा एकच संच, कारण दुसरा त्या रेटमध्ये बसत नाही; आणि तुमच्या प्रोग्राममध्ये वरचा स्लॅब आठव्या दिवशी. तुम्ही त्या दिवशी साइटवर फिरकू नका म्हणजे झालं.

वर्क ऑर्डर द्यायची घाई नको. आधी काम, मग कागद. दिलीच, तर शेवटी 'व संबंधित सर्व कामे' एवढं मात्र आठवणीने घाला. या चार शब्दांच्या पोटात भोकं पाडणं, ती बुजवणं, मचाण, डेब्रिज खाली उतरवणं असं काहीही मावतं. पालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये धुळीचे नियम काढले, 70 मीटरहून उंच इमारतीच्या साइटभोवती 35 फुटी पत्रे ठोकायला सांगितले. तेही खोदाईवाल्याच्या गळ्यात घालून बघा.

आता छताकडे या. खरी मजा तिथे आहे. बीमच्या तळापासून फॉल्स सीलिंगपर्यंत जेमतेम दीड फूट, आणि त्यातून एसीचा डक्ट, स्प्रिंकलरचा पाइप, केबल ट्रे आणि एसीच्या पाण्याची उताराची लाइन अशा चौघांना जायचंय. काही हौशी लोक आधी चौघांची ड्रॉइंगं एकावर एक ठेवतात, कोण कुठल्या लेव्हलने जाणार ते ठरवतात आणि सगळ्यांच्या सह्या घेतात. त्यात आठवडा जातो. तुम्ही प्रत्येकाला त्याचं त्याचं ड्रॉइंग द्या आणि चौघांनाही सोमवारीच बोलवा.

डक्टवाला आधी पोचतो आणि ऐन मधोमध आडवा पसरतो. मग फायरवाला शिडीवरून खाली वाकून विचारतो, 'साहेब, माझा पाइप कुठून नेऊ?' मोबाईलमधून मान वर न काढता म्हणा, 'ॲडजस्ट करून घ्या ना.' तो चार एल्बो टाकून डक्टला वळसा घालतो. ट्रेवाला उरलेल्या फटीत घुसतो. शेवटी ड्रेनच्या लाइनला उताराऐवजी चढ मिळतो. माणसं ॲडजस्ट करतात, पाणी करत नाही. ते पहिल्या उन्हाळ्यात क्लायंटच्या कॉन्फरन्स टेबलावर येतं. त्याआधी आर्किटेक्ट टेप घेऊन येतो आणि सीलिंग चार इंच खाली आल्याचं जाहीर करतो. डेबिट नोट, म्हणजे बिलातून कपातीची चिठ्ठी, कोणाला? फॉल्स सीलिंगवाल्याला. तो सर्वांत शेवटी आला, आणि खाली आलेली वस्तू त्याचीच.

पैशांचं सांगायचं तर धीर धरायला शिकवा. बिल आलं की साइट इंजिनिअरने मोजायचं, बिलिंगवाल्याने कापायचं, क्यूएसने, म्हणजे मापं-हिशेब तपासणाऱ्याने, परत मोजायचं आणि शेठ गावाला गेलेले असायचे. टीडीएस आणि पाच टक्के रिटेन्शन (काम नीट टिकेपर्यंत अडकवून ठेवायची रक्कम) मात्र पहिल्या फटक्यात कापा. शिस्त म्हणजे शिस्त. बिलावरचा 18 टक्के जीएसटी तो पुढच्या महिन्यात सरकारला भरून मोकळा होतो, तुमचे पैसे आले असोत नसोत. दर आठवड्याला माणसांना खर्चीही, म्हणजे मजुरीतली उचल, वाटतो, तीही स्वतःच्या खिशातून किंवा व्याजाने काढून. म्हणजे तुमच्या इमारतीला भांडवल कोण पुरवतंय, हे लक्षात आलं असेलच. बँक एवढ्या कमी कागदपत्रांवर देत नाही.

एखादा शिकलेला निघाला तर 2006चा एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांचा, कायदा काढेल: करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. घाबरू नका. बांधकामाचं कंत्राट या कायद्यात बसतं की नाही, यावर कोर्टात पुरेसा खल झालेला आहे. तेवढ्यात आणखी दोन वर्षं निघतात. नाहीतर 'वरून पैसे आले की देतो' हे आहेच. वरचाही त्याच्या वरच्याकडे बोट दाखवतो, आणि सर्वांत वरचा दुबईत असतो.

मग होळी येते. गावी गेलेली माणसं परतत नाहीत, कारण मागच्या हिशेबाचे पैसे मिळालेले नाहीत. नेमका त्याच आठवड्यात अग्निशमन दल तपासणीला येतं. त्यांच्या एनओसीशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर स्प्रिंकलरला प्रेशर नाही. फायरवाल्याला फोन लावा. त्याने तुमचा नंबर ब्लॉक केला असेल तर वॉचमनच्या मोबाईलवरून लावा. त्याने उचलला, की आवाजात जरा गोडवा आणून म्हणा, 'अहो, तुमचंच बिल घेऊन बसलोय.'