पुन्हा आलं शिबिर

हिवाळा आला की आमच्या गावात कॉलेजच्या पोरांचं एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर येतं आणि दरवर्षी नेमकी झाडंच लावतं. जानेवारीत! अरे बाबांनो, पाऊस कधीच गेला, विहिरी तळाला चालल्या, त्या रोपांना पाणी घालणार कोण? तुम्ही तर समारोपाचे हार घालून एसटीत बसणार. मार्चपर्यंत नुसत्या काड्या उरतात. पुढच्या वर्षी नवी पोरं त्याच खड्ड्यांत नवी रोपं खोचतात. फ्लेक्सही बहुधा तोच, फक्त तारीख बदललेली.

पोरांवर राग नाही. वर्षाचे सेवेचे १२० तास भरायचेत, सर्टिफिकेट हवंय, आणि कामाला वाघ आहेत खरंच. पण १९६९ पासून योजना चाललीय, एकदा तरी ग्रामपंचायतीत येऊन विचारा ना, तुम्हाला हवंय काय? नाला गाळानं भरलाय, तो उपसा. चौथीच्या पोरांना धड वाचता येत नाही, त्यांना घेऊन बसा. छे! आधी प्रभातफेरी, मग गाडगेबाबांच्या फोटोला हार, मग चौकात झाडू धरून फोटो. बाबा आधी गाव झाडायचे, मग कीर्तनाला उभे राहायचे. इथे पाहुणे येणार म्हणून सरपंचांनी सकाळीच माणसं लावून चौक झाडून घेतलेला असतो!