पाचशेची मात्रा

माझ्या आधार कार्डावर वडिलांचं नाव दत्तात्रय आहे. मुदत ठेवीच्या पावतीवर दत्तात्रेय. मध्ये एक मात्रा. ती आजोबांनी दिली नव्हती, मीही दिली नाही. ती दिली ठेव ठेवून घेणाऱ्यांच्याच ऑपरेटरने, एकोणीस वर्षांपूर्वी, बहुधा दुपारच्या जेवणानंतर. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही, पैसे अजून तिथेच आहेत.

परवा ठेव पुढे चालू करायला गेलो, तर खिडकीतले साहेब, जे दर दिवाळीला मला नावाने हाक मारून फराळाची चौकशी करतात, ते म्हणाले, "ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणा. आणि सरकारी नोटरीचं आणा बरं का. खाजगी नको."

आमच्या नाशिकला गोदाघाटावर एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. एरवी बहुतेक ठिकाणी तीन तोंडांचा देव इथे एका तोंडाने बसलाय. पण 'तो आणि हा एकच' असा कागद त्याच्याकडे आजवर कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. आणि इथे एका मात्रेसाठी माझी अर्धी रजा गेली.

सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या आसपास टायपिंगवाल्यांकडे चौकशी केली. पहिलाच प्रश्न आला, "द्यायचं कुठं? सरकारी कचेरीत असेल तर मुद्रांक माफ आहे, २००४ पासून."

"तसं सरकारी नाही हो."

"मग ५०० चा घ्या. आधी १०० मध्ये भागायचं, ऑक्टोबर २०२४ पासून ५००."

मात्रा ५०० रुपयांना पडली. टायपिंग वेगळं, नोटरी वेगळी.

नोटरी वकीलसाहेबांना मी भाबडेपणाने विचारलं, "तुम्ही सरकारी ना?" त्यांनी चष्मा काढला. हा प्रश्न त्यांना दिवसातून दहा वेळा येत असावा.

"खाजगी नोटरी असा प्रकारच नसतो. १९५२ चा कायदा आहे. दहा वर्षं वकिली झालेल्या माणसाला सरकार नेमतं, बाई असेल तर सात वर्षांत. मला केंद्राने नेमलंय, त्या छत्रीखालच्याला राज्याने. पगार दोघांनाही नाही. शिक्का सरकारी, खुर्ची घरची."

फी किती घ्यायची तेही सरकारनेच ठरवून दिलेलं असतं आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. यांनी लावलं होतं. त्यावर फक्त एक भलंमोठं कॅलेंडर लटकत होतं, एवढंच.

"ओळख कोण देणार?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मी एकटाच होतो. तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "मी देतो की!"

पांढरी टोपी, मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी, हातात शेंगदाण्याची पुडी. बांधाच्या कज्जाची तारीख होती, ती पुढे गेली होती आणि गावाकडच्या एसटीला दीड तास होता.

"पण बाबा, तुम्ही मला ओळखत नाही."

"मग आता ओळखू. गाव कोणतं?"

"निफाडकडचं."

"आपलेच हाय." त्यांनी शेंगदाणे पुढे केले, माझा बॉलपेन घेतला आणि सही करायची जागा विचारली. मला भरून आलं. जिथे एकोणीस वर्षं खातं आहे तिथे मी कोण हे कुणाला सांगता येत नाही, आणि या माणसाला दोन मिनिटांत मी पटलो होतो. तिथेच थांबायला हवं होतं. पण बाबा तोंडओळखीवर सही करणाऱ्यांतले नव्हते.

"मामा कुठले तुमचे?"

"पिंपळगावकडचे."

"मळ्यात की गावात?"

"मळ्यात. विहिरीपाशी घर आहे."

"विहिरीवर चिंच?"

"होती. आता तोडली."

पेन कागदावर टेकता टेकता थांबला. "तोडली का? तोडणारच. त्या चिंचेखालून आमची गाडीवाट होती. तुमच्या मामानं १९८१ साली तिथं काट्या टाकल्या. उसाच्या गाड्या तीन कोस वळसा घालून नेल्या आम्ही. तीन कोस!"

मी तेव्हा चौथीत होतो, असं सांगून पाहिलं. बाबांनी पेनाला टोपण लावलं, पुडीतले शेंगदाणे स्वतःकडे ओढले आणि वकीलसाहेबांना म्हणाले, "मी यांना ओळखत नाही."

अनोळखी होतो तोवर सही मिळत होती. ओळख निघाली आणि सही गेली.

शेवटी चहावाला कामी आला. "बिनसाखरेचा ना तुम्ही?" असं त्याने विचारलं आणि वकीलसाहेबांना तेवढी ओळख पुरली. शपथ भुवयांनी झाली, कारण त्यांचा एक कान फोनवर कांद्याच्या भावात होता. रजिस्टरमध्ये अनुक्रमांक, सही, अंगठा. गोल शिक्का, लाल सील. "मजकूर खरा की खोटा ते तुमचं तुम्ही बघा," फोनवर हात ठेवून ते म्हणाले. "तुम्ही शपथेवर सांगितलंत आणि माझ्यासमोर सही केलीत, एवढंच मी लिहून देतो."

म्हणजे मी मीच आहे, ही शेवटी माझीच थाप. फक्त ५०० च्या कागदावर.

खिडकीवर परतलो. "सरकारीच ना?"

"केंद्राचा आहे."

साहेब खूश झाले. न वाचताच त्यांनी पंचिंग मशीन उचललं आणि लाल सीलच्या बरोब्बर मधोमध भोक पाडून कागद फायलीत ओवला. "तुम्हाला काय, आम्ही ओळखतोच हो. पण कागद लागतो."

नवी पावती छापून आली. त्यावर वडिलांचं नाव दत्तात्रेय.

"अहो, मात्रा?"

"ती काढायला वेगळा अर्ज," साहेब म्हणाले. "आणि सोबत प्रतिज्ञापत्र."