ताप आला म्हणजे खडा विरघळतो म्हणे!

‘मुतखडा घरच्या घरी ओळखा, डॉक्टरला पैसे देऊ नका’ असा एक मेसेज गोव्यात डिचोली-साखळीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे असे: कंबर दुखली की मुतखडा, कळ थांबली की खडा पडला, थंडी वाजून ताप आला तर खडा विरघळतोय, रोज बिअर घ्या, दूध बंद, कुळथाचं पाणी सुरू. आमच्या मामीने त्यावर विश्वास ठेवून हुडहुडी भरलेल्या मामांना गोधडी घालून घरीच निजवलं, म्हणून लिहायला बसले. नाहीतर असल्या फॉरवर्डला कोण विचारतं!

आधी तापाचंच. खडा मूत्रनलिकेत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, अडकला की लघवी वर मूत्रपिंडात तुंबते. त्या तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की थंडीताप येतो. तिथे विरघळत काहीच नसतं. संसर्ग रक्तात उतरला तर बघता बघता माणूस हातचा जातो. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत अगदी रोखठोक आहेत: खड्याने वाट अडली आहे आणि संसर्गाची शंका आहे, तर आत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेली लघवी तातडीने बाहेर काढा, खड्याचं नंतर बघा. म्हणजे तज्ज्ञसुद्धा त्या घडीला खड्याच्या मागे लागत नाहीत, आणि हे महाशय तो गोधडीत विरघळवतायत! कुशीत कळ आणि अंगात ताप असं एकत्र दिसलं की १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा, बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठा. लघवी बंद झाली असेल, बाई गरोदर असेल किंवा एकच मूत्रपिंड असेल, तर ताप नसला तरी थांबू नका.

‘कळ थांबली की खडा पडला’ हेही तितकंच घातक. खडा जागच्या जागी अडकलेला असताना दुखणं ओसरू शकतं, आणि आत मूत्रपिंड गुपचूप फुगत राहतं. त्याच सूचनांप्रमाणे मूत्रनलिकेतल्या लहान खड्याची वाट बघायची ती फार तर चार ते सहा आठवडे, तीही तपासण्या करत.

कंबर काय, तरव्याला वाकलं की कुणाचीही दुखते. पण ते दुखणं पडून राहिलं की निवतं. खड्याच्या कळेत माणूस उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो, कुठल्याच कुशीवर चैन नाही. कळ बरगडीखालून लाटांसारखी येते, जांघेत उतरते, सोबत मळमळ, उलटी. खडा मूत्राशयाजवळ आला की सारखी लघवीची घाई, जळजळ. लघवी लालसर होते, पण कधी रक्त फक्त तपासणीतच दिसतं. आणि काहींना यातलं काहीच होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडा सापडतो.

बिअर! गोव्यात हा मुद्दा सगळ्यांत लोकप्रिय ठरणार हे उघड आहे. मोठ्या पाहण्यांत बिअर पिणाऱ्यांना खडे कमी झालेले आढळले, हे नाइलाजाने मान्य करते. पण अडकलेला खडा काही ढोसल्याने पुढे सरकत नाही, वर बिअरने युरिक ॲसिड वाढतं, ज्याचेही खडे होतात, ते वेगळंच. पुन्हा खडा होऊ नये म्हणून दिवसाला निदान अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यायचं, आणि त्याला साधं पाणी पुरतं. कुळथाचं सार खुशाल जेवा, औषध म्हणून नको.

दूध बंद करणं तर उलटंच. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला (पालकासारख्या पदार्थांतलं, खडे बनवणारं द्रव्य) आतड्यातच धरून ठेवतं. ते तोडलं की ऑक्झलेट लघवीत जास्त उतरतं.

आणि खडा पडलाच म्हणत असाल तर तो दाखवा. एक जुनी गाळणी बाजूला ठेवा, लघवी तिच्यातून गाळा, खडा सापडला की बाटलीत घालून डॉक्टरांकडे न्या. तो कशाचा आहे हे तपासल्यावरच पालक कमी करायचा की मटण, ते ठरतं.