कपाटातला सरडा

भाच्याला कंपनीने सहा महिन्यांसाठी परदेशी धाडलं आणि त्याचा शॅमेलिऑन पुण्याहून आमच्या जळगावच्या घरी आला. तोही वैशाखात, जेव्हा सख्खे पाहुणेसुद्धा आमच्याकडे फिरकत नाहीत. सोबत नोंदणीचा कागद आणि चार पानं सूचना. आपल्या रानातला घोयरा सरडा पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. हा मूळ येमेनकडचा, डोक्यावर टोपीसारखा तुरा असलेला.

"हाई काय शे रे?" माय म्हणाली. माय अमळनेरकडची.

"सरडा."

"सरडा शे ते माले दिसस. घरमा कसाले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्याचा पिंजरा ट्रॅव्हल्सच्या डिकीत मोडला होता. सूचना म्हणत होत्या: काचेची पेटी नको, हवा कोंडते, जाळीचा पिंजरा हवा आणि चांगला चार फूट उंच, कारण स्वारी झाडावर राहते. चार फूट उंच जाळीची वस्तू घरात एकच. मायचं जाळीचं कपाट. फ्रिज येण्याआधी त्यात दूध-दही असायचं, आता पापड-कुरडयांचे डबे. मी फळ्या काढल्या, आडव्यातिडव्या फांद्या ठोकल्या, जास्वंदीची कुंडी ठेवली. मायने भांडण केलं नाही. कुरडयांचे डबे तेवढे माझ्या गादीवर आणून ठेवले.

मग दिवे. एक ऊब देणारा बल्ब, खाली बसून शेकायला, तिथलं तापमान ३० ते ३२ अंश ठेवावे. सकाळी दहालाच हॉलमध्ये ३८ होते! तो बल्ब आजतागायत खोक्यात आहे. दुसरी, अतिनील किरण देणारी नळी मात्र टाळता येईना. उन्हातले अतिनील किरण मिळाले नाहीत तर त्याच्या अंगाला कॅल्शियम लागत नाही, हाडं वाकतात; आणि खिडकीच्या काचेतून ते किरण येत नाहीत. दुपारी ४५ अंशांत जळणाऱ्या या गावात पैसे मोजून ऊन विकत आणणारा पहिला माणूस मीच असेन.

खाणं म्हणजे जिवंत रातकिडे. शेजारचे भाऊ म्हणाले, "कशाला पैसे घालता भो? केळीच्या मळ्यातून नाकतोडे आणून देतो, पिशवीभर!" मळ्यात फवारणी होते, तसले किडे चालत नाहीत, असं म्हणताच ते असे दुखावले, जणू मी त्यांच्या घरचं भरीत नाकारलं. शेवटी कुरियरने रातकिडे मागवले. त्यांनाही आधी गाजर, मेथी खाऊ घालायची, म्हणजे ते सत्त्व त्यांच्या पोटातून याच्या पोटात जातं. वर कॅल्शियमची पूड. पिशवीत पूड घालायची, रातकिडे घालायचे, हलवायचं. माझा हात भजी पिठात घोळवावीत तसा बसला. पहिल्याच दिवशी सात सुटले. त्यातला एक देव्हाऱ्यामागे रात्रभर किर्रर्र करत होता आणि माय अंधारातून दर तासाला माझं नाव घेत होती.

हा हिरवा तो पानांमुळे, असा शेजाऱ्यांचा समज. प्रत्यक्षात रंग बदलतो तो मनःस्थितीने आणि तापमानाने. शेजारचे भाऊ जाळीला नाक लावून उभे राहिले की हा काळपट पडतो. मलाही तसंच होतं, पण माझ्या अंगावर दिसत नाही.

आणि पाणी! वाटीतलं पाणी हा ओळखतच नाही. पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा. आमच्याकडे नळ दोन दिवसांआड. ड्रममधलं पाणी माणसं मोजून वापरतात आणि हा रोज पावसात भिजतो. कूलरही त्याच्याच खोलीत लागला, थेट झोत नको म्हणून तोंड भिंतीकडे करून. जास्वंदीला फूल आलं तर गणपतीच्या आधी तोच खाऊन मोकळा.

परवा भर दुपारी फवारा घेऊन गेलो, तर मायने खाट कपाटाला टेकवून टाकलेली. सरड्याचा एक डोळा तिच्यावर, दुसरा माझ्यावर.

"आठे गार शे," ती डोळे न उघडता म्हणाली. मी फवारा मारायला लागलो.

"माले बी थोडं मार."