श्रद्धावानाने मानसोपचार घेऊ नयेत?

'श्रद्धा असेल तर मानसोपचार घेऊ नका' असे बजावणारा एक संदेश सध्या फिरतो आहे. तो नैराश्यावर उपचार घेत असलेल्या माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि गोळ्या थांबवाव्यात का, असे ती विचारू लागली. म्हणून हा प्रतिवाद.

संदेशातला सर्वांत घातक दावा असा, की नैराश्य म्हणजे श्रद्धा कमी पडणे, तेव्हा उपचार सोडून उपासना वाढवावी. आवडत्या गोष्टींतला रस उडणे आणि अकारण अपराधी वाटणे ही या आजाराची परिचित लक्षणे आहेत. त्यात प्रार्थनेत मन न लागणेही आले. म्हणजे लक्षणालाच कारण ठरवून आधीच स्वतःला दोषी मानणाऱ्या माणसाच्या माथी संदेशाचा लेखक आणखी एक दोष मारतो. असा दोष निरुपद्रवी नसतो. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५ वर्षांवरील ५९६ रुग्णांची दोन वर्षे नोंद ठेवली होती. हे रुग्ण शारीरिक आजारांचे होते, हे मान्य. पण 'देवाने मला टाकले', 'देवाचे माझ्यावर प्रेम नाही' अशा विचारांशी झगडणाऱ्यांत, मूळ प्रकृती आणि मनःस्थिती हिशेबात धरूनही, मृत्यूचा धोका अधिक आढळला. नेमका हाच झगडा बोलून मोकळा करण्याची जागा म्हणजे समुपदेशन, आणि संदेश तिथूनच माणसाला परत फिरवतो. गोळ्या एकाएकी बंद केल्यास चक्कर, निद्रानाश आणि आजार उलटण्याची भीती असते, याचा तर त्यात उल्लेखही नाही.

'स्वधर्मीय तज्ज्ञच हवा' या दाव्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. रिबेका प्रॉप्स्ट यांच्या १९९२ च्या अभ्यासात धार्मिक रुग्णांच्या श्रद्धेला धरून केलेले उपचार स्वतः धार्मिक नसलेल्या तज्ज्ञांच्या हातूनही उत्तम लागू पडले.

'मानसशास्त्र देवाची टिंगल करते' यात मात्र अर्धे सत्य आहे, आणि ते नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९२७ मध्ये धर्माला भ्रम म्हटले, आणि आजही काही तज्ज्ञ पहिल्या भेटीत झोपेपासून व्यसनापर्यंत सगळे विचारतात, पण श्रद्धेचा विषय काढत नाहीत. तरीही अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने १९९४ मध्येच धार्मिक किंवा आध्यात्मिक प्रश्नाची स्वतंत्र नोंद केली, तीही आजार म्हणून नव्हे, तर लक्ष देण्याजोगी बाब म्हणून. तज्ज्ञाने विचारले नाही, तर उपासनेचे आपल्या आयुष्यातले स्थान रुग्णाने आपणहून सांगावे. ते हसण्यावारी नेले गेले, तर तज्ज्ञ बदलावा, उपचार नव्हे.