दादा, तुझ्या लाइनवर स्टुलं किती?

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेला माझा चुलतभाऊ परवा घरच्या ग्रुपवर भडकला. कारखान्यातला कामाचा दिवस 9 तासांवरून 12 तासांपर्यंत न्यायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली, त्यावर मी नाराजी लिहिली होती. दादाचं उत्तर आलं: "आठवड्याचे 48 तेवढेच राहणार. तुमच्या हॉलंडमध्येही 12 तासांची पाळी चालते. तू गेलास ना, आता इथलं आम्ही बघतो."

पाळीचं तो खरं बोलतोय. पण इथे हॉलंडमध्ये पाळी सुटली की सलग 11 तास विश्रांती लागते, आणि 16 आठवड्यांची सरासरी 48 तासांच्या वर जाऊ देत नाहीत. आमच्या रॉटरडॅमच्या शीतगृहात 23 किलोच्या वरचं खोकं हाताने उचलायचं नाही. कुणाची पाठ धरली तर तो कंपनीच्या डॉक्टरकडे जातो, पगार चालू राहतो. आपल्याकडे कांद्याची गोणी 50 किलोची. लासलगावच्या खळ्यावर ती घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या हमालाची पाठ तासांवर नाही, गोण्यांवर झिजते. तासांच्या भांडणात हे वजन कुणी धरतच नाही.

माझे वडील नाशिकच्याच अंबडला प्रेस मशीनवर उभे राहूनच निवृत्त झाले. घरी आले की आधी पिंढऱ्या चोळत बसायचे, आई पाणी तापवून द्यायची. पन्नाशीत गुडघे गेले. ओव्हरटाइम त्यांनी कधी नाकारला नाही, कारण नाकारणाऱ्याचं नाव लक्षात ठेवलं जातं. दादाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून त्या निर्णयातलं 'कामगाराची लेखी संमती घेणार' हे वाचलं की माझा संताप होतो. ठेकेदाराकडून लागलेला, दिंडोरीहून मोटरसायकलवर येणारा पोरगा कुणाला नाही म्हणणार?

फेब्रुवारीत आमच्याकडे नाशिकची द्राक्षं येतात. बागेची नोंदणी, मण्याचा आकार, औषधांचे अंश, सगळ्याचे कागद सोबत असतात. पॅकहाउसच्या गारठ्यात उभ्याने घड छाटणाऱ्या बायकांच्या पायांबद्दल मात्र एकही कागद नसतो. युरोप मागत नाही, आणि त्याच युरोपाच्या पगारावर मी दादाला कायदे ऐकवतो. हे मला टोचतं. तरी 'तू गेलास' हे मला मान्य नाही. पेटीवर नाशिक दिसलं की माझा हात तिथेच थांबतो, आणि इथल्या सहकाऱ्यांना त्याचं कारण सांगता येत नाही.

ज्या 1948 च्या कारखाना कायद्यातले तास वाढवायचं तेव्हा ठरलं (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), त्यातच कलम 34 होतं: इजा होईल एवढं ओझं कुणाला उचलायला लावू नये. कलम 44 होतं: उभ्याने काम करणाऱ्यांना, जमेल तेव्हा टेकता यावं म्हणून बसायची सोय हवी. दादा, तुझ्या लाइनवर स्टुलं किती आहेत ते मोज आणि ग्रुपवर लिही. मग 12 तासांचं बोलू.