पाव हापूस

परसदार पंधरा फूट बाय वीस. त्यात एक हापूस, एक कापा फणस, चिकू, दोन माड, पपई, कोपऱ्यात कढीलिंब आणि मधून कपडे वाळत घालायची दोरी, असा आराखडा आम्ही परसवाले संध्याकाळच्या चहाबरोबर करतो. तोंडी. कागदावर मांडला की गणित आडवं येतं. हापूसच्या दोन कलमांत १० मीटर अंतर ठेवा अशी शिफारस आहे, म्हणजे एका झाडाला १०० चौरस मीटर. आपलं परसदार सगळं मिळून २८. त्यातून सेप्टिक टँक वजा करा. उरलेल्या जागेत नियमाप्रमाणे पाव हापूस बसतो, तोही दोरीवरचे कपडे आत घेतल्यावर.

यावर उपाय आहेत. दशहरी आणि नीलमच्या संकरातून आलेली आम्रपाली अडीच मीटर अंतरावरही सुखाने नांदते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ साली दिलेली रत्ना ही नीलम आणि हापूसची लेक. फळ मोठं, आत साका (कोयीलगतचा गर पांढुरका, आंबूस होण्याचा दोष) नाही आणि दर वर्षी धरायची सवय. सगळं पटतं. पण रत्नागिरीत परसात आम्रपाली लावल्याचं कुणाला सांगून बघा. समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग हलक्या आवाजात विचारतो, "घरी सगळे बरे आहेत ना?" तेव्हा हापूसच. एक वर्ष धरणारा, एक वर्ष रुसणारा, आणि धरला तरी कापेपर्यंत भरवसा नसलेला.

आता हापूस आणायचा कसा? घरातल्या एका ज्येष्ठाकडे याचं उत्तर मे महिन्यापासून तयार असतं: खाल्लेल्या आंब्याची कोय पुरा. फुकट. कोय रुजतेही झकास. मात्र त्या कोयीच्या पोटातला गर्भ हा हापूसची आई आणि वाऱ्यामाशीने आणलेला कुणीही बाप, यांचा असतो. त्यातून येतो तो रायवळ, म्हणजे कोयीपासूनचा गावठी आंबा. आणि हे कळायला सात-आठ वर्षं लागतात, कारण पानावरून रायवळ आणि हापूस ओळखणारे डोळे आपल्याला नसतात.

म्हणून कलम. कोय रुजवायची, पंधरा दिवसांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, दांड्याला खाच द्यायची, त्यात हापूसची तासलेली काडी बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. याला कोय कलम म्हणतात. म्हणजे खाली रायवळ, वर हापूस, मधे पट्टी. एकाच दांड्यावर दोन घराणी. भाऊबंदकीची सगळी तयारी रोपवाटिकेतच झालेली असते.

रोपवाटिकेत आपण पहिली चूक करतो: उंची बघतो. छातीएवढं कलम दिसलं की डोळ्यांपुढे पेट्या नाचू लागतात. उंच कलम बहुधा जुनं असतं, त्याची मुळं पिशवीच्या बुडाशी जिलबीसारखी गोल फिरलेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही ती सवय सोडत नाहीत. घ्यावं ते दीड-दोन फुटांचं, ताठ, जोड एकजीव झालेलं, वर तजेलदार पानं असलेलं. विकणारा "साहेब, हे मोठं घ्या" म्हणेल. मोठं त्यालाच ठेवू द्यावं.

खड्डा एप्रिल-मेमध्ये, एक मीटर लांब, रुंद, खोल. हे वाक्य वाचायला सोपं आहे. जांभ्यात पहार मारली की तीन इंचांवर ठण्ण आवाज येतो, खणणारा गडी पहार टेकवून आपल्याकडे बघतो आणि ठरलेली मजुरी तिथल्या तिथे बदलते. मग मीटरचा खड्डा हळूहळू दोन फुटांवर तडजोड करतो. करू देऊ नये. पुढची कैक वर्षं मुळं त्याच तडजोडीवर डोकं आपटतात. खड्डा उन्हात तापू द्यावा, पावसाच्या तोंडावर वरची चांगली माती, चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरावा, आणि जमिनीच्या वर वीतभर उंचवटा ठेवावा. माती बसते. सपाट भरलात तर जुलैत कलम खळग्यात उभं राहतं, आणि तुमच्याकडे हापूसऐवजी बेडकांचा हौद तयार होतो.

लावताना पिशवी पात्याने कापायची, मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटू द्यायची नाही, आणि कलमाचा जोड मातीच्या चांगला वर ठेवायचा. जोडावरची प्लास्टिकची पट्टी? ती बहुतेक परसांत तशीच राहते, कारण "असू दे, आधाराला". दांडा जाड होतो, पट्टी होत नाही. वर्षभरात तिथे कमरेला करगोटा आवळल्यासारखी खाच पडते आणि एका वादळी दुपारी कलम नेमकं तिथेच मोडतं. आधाराला बांबू असतो. पट्टी कापून टाकावी.

आणि मग येतो तो कोंब. याच्यासाठी खाली वाकून बघावं लागतं. जोडाच्या खाली, मातीपासून चार बोटांवर, खोडातून तांबूस, लुसलुशीत, चकचकीत पानांचा कोंब फुटतो. वरचा हापूस त्या वेळी नेमका सुस्त असतो. कडेने करपलेली दोन पानं घेऊन आजाऱ्यासारखा उभा. कोंब मात्र आठवड्याला बोटभर वाढतो. घरात आनंद होतो. "बघा, कलमाने जीव धरला!" धरलाय, पण रायवळने. मुळं त्याची, जमीन त्याची, वर बसवलेला पाहुणा त्याला कधीच मान्य नव्हता. आपण कौतुकाने त्याच्याच बुडाशी पाणी घालतो, कुणी काठीही बांधतं. दोन-तीन पावसाळ्यांत वरचा हापूस वाळतो, लोक म्हणतात "जुनी फांदी गेली, नवी जोमात आहे", आणि सहाव्या-सातव्या वर्षी सगळी बिऱ्हाडं बोलावून हापूस म्हणून जो वाटला जातो, त्याचे धागे पाहुणे जिने उतरताना दातांतून काढत असतात. जोडाखालचा प्रत्येक फुटवा नखाएवढा असतानाच खुडावा. दया दाखवू नये. भाऊबंदकीत मी कुणाची बाजू घेत नाही, पण इथे घ्यावी लागते.

पुढचं संकट भावनिक. कलमाच्या काडीचं वय आईच्या झाडाएवढं असल्यामुळे, कमरेएवढं झालेलं कलम दुसऱ्याच वर्षी मोहोरतं. गल्लीतले लोक बघायला येतात. तो मोहोर पहिली तीन-चार वर्षं खुडायचा असतो. फळं पोसायला लागलं की वाढ खुंटते. हे घरात सांगून बघा. "एकच ठेवू या, देवापुढे ठेवायला." एक ठेवला की एकाचे पाच होतात, अंगठ्याएवढी फांदी वाकते, आणि देवापुढे फांदीच ठेवायची वेळ येते. मोहोर खुडायचं काम मंडळी दुपारी झोपली असताना उरकावं.

खताबद्दल एवढंच: पहिल्या वर्षी दहा किलो शेणखत आणि नत्र १५०, स्फुरद ५०, पालाश १०० ग्रॅम, दर वर्षी तेवढीच भर घालत दहाव्या वर्षी दसपट, शेणखत मात्र ५० किलोपर्यंत. हे खोडाशी ओतायचं नसतं. खाणारी बारीक मुळं फांद्यांच्या टोकांखाली असतात, तिथे गोल चर काढून द्यायचं. परसात अडचण अशी की पाचव्या वर्षी फांद्यांची टोकं शेजाऱ्याच्या हद्दीत पोचलेली असतात. खत आपलं, चर त्यांच्या अबोलीच्या वाफ्यातून. त्यांची परवानगी मिळते. पण मे महिन्यात तिची आठवण दिली जाते.

बाकीच्या झाडांना मी फार वेळ देणार नाही, तीही आपल्याला देत नाहीत. फणसाची आठळी ताजी असतानाच आणि कायमच्या जागी लावावी. वाळली की रुजत नाही आणि सोटमूळ दुखावलेलं फणस विसरत नाही. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर असलेलं घ्यावं, आणि फळ तयार झालं का हे नखाने हलकं खरवडून पाहावं: आत हिरवं दिसलं तर थांबा, पिवळसर दिसलं तर काढा. घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे ही परीक्षा घेतली की चिकू नापास होऊन गळतो. पपई बुडाशी पाणी दोन दिवस साचलं तरी मरते. देशी पपईत नर-मादी झाडं वेगळी. म्हणून एका जागी तीन रोपं लावून फुलं आल्यावर नर उपटायचे, एखादा परागासाठी ठेवायचा. लांब लोंबत्या देठांवर फुलांचे झुबके आले की तो नर. नेमका तोच सगळ्यांत देखणा असतो आणि घरच्यांचा लाडका. माड लावताना वर तीस वर्षांनी नारळ कुठे पडेल याचा विचार करावा. कौलांनी केलेला असतो. आणि जागा चुकली म्हणून मोठं झाड सहज तोडता येईल असं समजू नका. शहरात १९७५ चा झाडं जपण्याचा कायदा आहे. लावायला कुणाला विचारावं लागत नाही, तोडायला अर्ज लागतो.

तर, हापूस. पाचवं वर्ष. थंडी पडली, मोहोर फुटला, आणि त्याबरोबर तुडतुडे आले. खोडाजवळ उभं राहिलं की तोंडावर रवा उडाल्यासारखे उडतात. मोहोराचा रस पितात आणि गोड चिकटा खाली सोडतात. त्यावर काळी बुरशी चढते. खाली स्कूटर लावली असेल तर तिच्यावरही. फवारणी करायची ती मोहोर फुटण्याआधी पोपटी पालवीवर आणि मोहोराच्या सुरुवातीला. फुलं पूर्ण उमलल्यावर नाही, कारण आंब्याचं लग्न माश्या लावतात आणि आपण भटजींनाच मारून बसतो. भुरी (मोहोरावरची पांढरी बुरशी) दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक, दहा लिटरला २० ग्रॅम. फवारणीच्या दिवशी दोरीवर कपडे नकोत. हे मी तीनदा लिहायला हवं.

मोहोरात फुलं हजारांनी असतात, बहुतेक नर. फळं धरतात त्यातलीही वाटाण्याएवढी, गोटीएवढी होऊन गळत राहतात. रोज सकाळी खाली पडलेल्या कैऱ्या मोजणं बंद करावं. झाड पेलवेल तेवढंच ठेवतं. उरलेल्यांना अंड्याएवढी झाल्यावर वर्तमानपत्राच्या कागदाची २५ बाय २० सेंटीमीटरची पिशवी बांधावी. फळमाशी टोचत नाही, डाग पडत नाहीत, रंग सुरेख येतो. माकडांना मात्र वाटतं, पार्सल आलं. ती पिशवी फाडतात, एक घास घेतात, फेकतात, दुसरी फाडतात. खाल्लं असतं तर वाईट वाटलं नसतं. फळमाशीसाठी मिथिल युजेनॉलचा सापळा टांगावा, पण त्यात फक्त नर सापडतात. म्हणून किडकी पडलेली फळं रोज उचलून खोल पुरायची. शेजारच्या परसातलीही. शेजारी विचारतात, "आमचे आंबे कुठे नेता?"

काढणी चौदा आण्यांवर (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार): खांदे देठाच्या वर आलेले, हिरवा रंग फिका पडलेला, पाण्यात टाकला तर बुडणारा. सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर, झेल्याने (टोकाला जाळी असलेल्या काठीने), दोन-तीन सेंटीमीटर देठ ठेवून. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग येतो. हातावर आला तर तिथेही. मग भाताच्या पेंढ्यात आढी. दहा-बारा दिवस हात लावायचा नाही. पहिल्या दिवसापासून घरातला प्रत्येक जण जाता येता एकेक आंबा दाबून जातो. आठव्या दिवशी आढीत सगळ्यांत मऊ असतात ते पिकलेले नव्हे, दाबलेले.

अखेर ताटात पिवळाधमक हापूस येतो. सुरी फिरते. वरची फोड केशरी, कोयीलगत पांढुरका, आंबूस, फोपसा पट्टा. साका. बाहेरून कळत नाही. तापलेल्या जमिनीची धग आणि फार वेळ झाडावर राहिलेलं फळ ही त्याची कारणं, म्हणून खाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवावं आणि चौदा आण्यांच्या पुढे थांबू नये. बाजूने कापून घ्या, उरलेला चांगला असतो. कोय मात्र परसात भिरकावू नका. जूनमध्ये ती रुजते, आणि घरातलं कुणीतरी तिच्याभोवती विटांचं आळं करून ठेवतं: "हापूसचीच आहे, राहू दे."